आता तू बसव

लेक एकटीच दूरच्या डोंगराळ मुलखात निघणार हे कळल्यापासून बाबा तिच्याशी मोजकंच बोलत होते. तरीही स्वतःच्या गॅरेजात तिच्या जुन्या पिकअपची उंची त्यांनीच वाढवली, जाड टायर चढवले. आता फक्त रात्रीच्या मुक्कामासाठी गाडीच्या छतावरचा घडीचा तंबू बसवायचा राहिला होता. दोघांनी दोन बाजूंनी धरून तो वर चढवला. बाबांनी सगळे बोल्ट आवळले आणि शिडीवर उभं राहून तंबू गदागदा हलवून पाहिला. तो तसूभरही सरकला नाही. लेकीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बाबांनी पाना उलटा फिरवायला सुरुवात केली.

"बाबा, हे काय? काल आईसमोर हो म्हणालात ना? आता शब्द फिरवू नका!"

बाबा एकेक बोल्ट काढत राहिले. शेवटचा बोल्ट निघाल्यावर ते खाली उतरले आणि पाना तिच्या हातात दिला.

"आता तू बसव."

"अहो, पण तुम्ही इतका पक्का बसवला होता!"

"मी बसवला होता. वाटेत सैल झाला तर तिथे कुणाला हाक मारशील?"

ती शिडी चढली. एका नटाचा आटा चुकला, नट तिरका बसला. बाबांचा हात आपसूक पुढे आला. मग त्यांनी तो खिशात घातला, आणि तिने नट काढून सरळ लावेपर्यंत तिथेच घट्ट मिटून ठेवला.