रेझिनमधलं मंगळसूत्र

बळवंतने साच्यातल्या रेझिनवर बोट टेकवलं आणि ते पुन्हा रुतलं. चिकट! परवापासून तेच. त्याने बोट फडक्याला पुसलं आणि थंडीला एक सणसणीत शिवी हासडली.

यंदाच्या जानेवारीत बोईसरला असा गारठा पडला होता की पत्र्याच्या शेडमध्ये लादीवर पाय ठेववत नव्हता. समोरच्या साच्यात, काचेसारख्या पारदर्शक रेझिनखाली पुंजारामचा हसरा फोटो होता आणि फोटोभोवती त्याच्या बायकोचं मंगळसूत्र. उद्या पुंजारामचं वर्षश्राद्ध. मुलगा कैलास इथल्याच कारखान्यात होता. त्याने मोठ्या हौसेने ही फ्रेम सांगितली होती. "आई आता ते घालत नाही, कपाटात नुसतं पडून आहे. तिला काही बोलू नका, एकदम दाखवायचंय," असं बजावून गेला होता. फोटो दुसरा काढता आला असता. मंगळसूत्र दुसरं आणणार कुठून?

आणि थंडीला शिव्या घालून तरी काय होणार? चूक त्याचीच होती, तेच त्याला जास्त झोंबत होतं. मुरब्याच्या किनाऱ्यावर त्याने उभी हयात फायबरच्या होड्यांना ठिगळं लावली. होडीच्या रेझिनला थंडीत हार्डनर जरा सढळ हाताने घातला की ते पटकन धरतं. हात सवयीने तसाच गेला. पण फ्रेमच्या रेझिनची जात वेगळी, माप चुकलं की ते जन्मात घट्ट होत नाही. डब्यावर तसं ठळक छापलेलंही होतं. वाचतो कोण? मोठा अनुभवी ना! मग बल्ब लावून झाला, बायकोचा केस वाळवायचा ड्रायर फिरवून झाला. काडीचा फरक पडला नाही. कैलासचा फोन वाजत होता आणि तो उचलायची बळवंतची छाती होत नव्हती.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं, अंगावर शाल.

"मी गोजराबाई. कैलासची आई. पोरगं मंगळसूत्राचं फोनवर कुना दोस्ताला सांगत व्हतं, ते कानावर आलं. कुठंय ते?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बळवंतने साचा पुढे केला. तिने हळूच बोट लावलं. काळे मणी आतल्या आत हलले.

"मावशी, माजंच चुकलं," बळवंत खाली मान घालून म्हणाला. "घट्ट होतच नाय. पन तुमी घाबरू नका. सगला काडतो, नवीन भरून देतो."

"निघंल व्हय हे?"

"निगंल ना. थिनरने पुसला की पैल्यासारका साफ."

गोजराबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बळवंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग पुन्हा भरू नका," ती म्हणाली. "माझ्या हातात द्या. मला गळ्यात घालायचंय."

बळवंत गोंधळला. त्याने साचा जरा मागे घेतला. "पन मावशी, कैलासला इचारल्याबिगर कसा देऊ?"

गोजराबाईने पदराने डोळे पुसले.

"दहाव्याला माझ्या गळ्यातून काढलं, तवा मला कुनी इचारलं व्हतं का?"