पक्का जोड

"मोटार हाये का खटारा, मिस्त्री?" महादेवराव हसले. "माह्या गाडीत सरकीची पोती टाकतं?"

"दोनच पोती, मालक. मांगं वजन राह्यलं, का चाक रेतीत फिरनार नाही. मंग हे जाम करायचं कामच नाही."

देवमनच्या पायाशी तरटावर दोन डिफरेन्शियल होते. मोटारीच्या मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारे लोखंडी गोळे. एक मालकाच्या मोटारीतूनच काढलेला, धडधाकट. दुसरा तसाच, पण भंगारातून आणलेला. त्याच्या पोटातली दातेरी चाकं वेल्डिंगने एकजीव करायची, असा मालकाचा हुकूम होता. दोन्हींतला कोणता बसवायचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"खळ्यावर बैल फिरतात ना मालक, तवा मधल्या खांबाजवळचा, तिवड्याजवळचा हळू चालते, कडेचा धावते. मोटारीचंबी तसंच. वळणावर आतलं चाक कमी फिरते, भायेरचं जास्त. ह्या गोळ्यात तेवढी मोकळीक ठेवली हाये. ते बंद केली, तर रेतीतून निघान, पन भरधाव वळणावर तोंड फिरवनार नाही. सरळ जाईन."

"मांगच्या साली नाल्यात एक चाक भिंगरीवानी फिरलं, अन् दुसरं जागचं हाललं नाही," महादेवराव म्हणाले. आता ते हसत नव्हते. "धामणगावचा शेठ हात हालवत पुढं गेला. अकोल्यापर्यंत लोकायनं मले विचारलं. यंदा तसं होनार नाही. कर जाम."

ते गेले. एकसष्ट साल होतं. एरवी ही मोटार शेंदूरजनाघाटहून घरच्या बायकांना अमरावतीच्या बाजाराला आणायची, व्यापाऱ्यांना संत्र्याच्या बागा दाखवायची. वर्षातून एकदा, दिवाळी सरली की, ती अमरावतीहून अकोल्यापर्यंत धामणगावच्या शेठच्या मोटारीशी पळायची. तिचा ड्रायव्हर देवीदास. देवमनच्या धाकट्या बहिणीचा, शकुनचा नवरा.

देवीदास टायरावर बसून सगळं ऐकत होता.

"साळेबुवा, मालकाले शिकवून राह्यले का तुमी?"

"जवाई, नाही म्हना. चावी टेबलावर ठेवा, अन् इथं या. माह्या संगं पाना धरा."

"साळ्याच्या दारात पाना धरू? गावात म्हनतीन, देवीदास बायकोच्या भावाच्या भाकरीवर पडला." तो हसला, पण नजर खालीच होती. "यंदा हारलो तर मालक चावी मांगतीन. तुमी नाही केलं, तर टेसनावरचा तो कासीम करून देते. तो कसा करते ते तुमाले ठावं हाये."

देवमनला ठावं होतं; कासीमचा जोड भरधाव पळतानाही तुटला असता. म्हणूनच त्याने गॅसची नळी हातात घेतली.

नळी पेटवतानाच त्याच्या मनात वाट सापडली. जोड कच्चा ठेवायचा. वरवर टाके घालायचे, दिसायला भरीव, आतून पोकळ. नाल्याच्या रेतीत जोर पडला, की जोड तुटेल. मोटार तिथेच, बैलाच्या चालीवर असताना उभी राहील. मालक शिव्या देतील. मिस्त्रीचं नाव जाईल, जवायाची चावी जाईल. शकुनचं कुंकू राहील. बरोबरीचाच सौदा होता, उलट फायद्याचाच.

पहिला टाका त्याने तसाच घातला. वरवर.

"शकुन काय म्हनते सांगू?" मागून देवीदास बोलत होता. "दळाले बसली का तुमचंच गानं.

लोखंडाले लोखंड जोडे माहा भाऊराया,
त्याच्या हातचा जोड कोनी येईना तोडाया.

मी म्हनलं, अवं, नवऱ्याचीबी एखांदी ओवी म्हन. तं म्हनते, तुमी काय जोडलं आजवर?"

देवमनही हसला. ज्योत लोखंडावर थांबली होती. पंधरा वर्षं त्या हाताने एकही खोटा टाका घातला नव्हता. लष्कराच्या कारखान्यात गोऱ्या साहेबाने ज्याचा जोड हातोडा मारून पाहिला, तो हात होता. हाताला खोटं येईना. शेणाने सारवलेल्या अंगणात बाई एक कोपरा कोरडा ठेवू शकत नाही, तसं झालं. पोकळ टाका त्याला डोळ्यांत कुसळासारखा सलू लागला. त्याने तो वितळवला. पुन्हा घातला. खोलवर, तळापर्यंत. मग दुसरा, तिसरा. लोखंड लाल झालं, पिवळं झालं, एकात एक उतरलं. गार झाल्यावर त्याने हातोडा मारला. आवाज घंटेसारखा आला.

"झालं?" देवीदासने विचारलं.

"झालं," देवमन म्हणाला. "मुर्तिजापूरच्या अलीकडं सडक डाव्या अंगाले वळते. तिथं हळू घ्या, जवाई. माही आन हाये."

"घेतो ना."

घेतलंही असतं. पण शर्यतीच्या दिवशी नाल्यातून मोटार पाण्यातून मासोळी निघावी तशी निघाली, आणि शेठची मोटार मागे रेतीत रुतून बसली. दोन वर्षांनी पहिल्यांदा समोर मोकळी सडक दिसली. मागच्या गादीवर महादेवराव टाळ्या वाजवत होते. "दाब, देव्या, दाब," म्हणत होते. वळण आलं. सडक डावीकडे गेली. मोटार गेली नाही.

वळणावरच्या बाभळीने ड्रायव्हरची बाजू चेपून टाकली. महादेवरावांचा हात मोडला.

तिसऱ्या दिवशी देवमन बहिणीच्या दारात बसला होता. आत गेला नव्हता. शकुन बाहेर आली. तिचे हात बांगड्यांवाचून मोकळे होते. ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली, आणि लहानपणी तो आजारी असला की ठेवायची तसा तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"दादा, तू मनाले लावून नोको घेऊ," ती म्हणाली. "मालकानं सारं खोलवून पाह्यलं. तुह्या कामात कसूर नव्हती म्हने. जोड जसाच्या तसा हाये."