अनोळखी बाई

“कालपर्यंत माझ्याकडून काम शिकत होती, आणि आज मलाच म्हणते, जरा लवकर द्या,” असं पुटपुटत ताईंनी हेडफोन कानाला लावले.

पोलिसांचीच चौकशी करणाऱ्या त्या खात्यात ताई बावीस वर्षं जबाब टाइप करत होत्या. नियम एकच होता: टेपवर ऐकू येईल ते सगळं उतरवायचं, अगदी खोकलासुद्धा. जबाब घेणाऱ्याची खुर्ची या वर्षी त्यांना मिळणार होती. मिळाली ती त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या, ऑफिसातल्या सगळ्यांत धाकट्या मुलीला.

टेपवर धाकटी एका हवालदाराला लाचेबद्दल विचारत होती. खोलीत दोघंच होते. तरी तिच्या प्रत्येक प्रश्नानंतर कुणी बाई हळूच म्हणायची, “हिला काय कळतंय!”

हा पाचवा जबाब. ताईंनी नियमाप्रमाणे बोलणाऱ्याच्या रकान्यात पुन्हा ‘अनोळखी बाई’ असं टाइप केलं.

साहेबांनी टेप ऐकली, उगाच चष्मा पुसला आणि रेकॉर्डिंगचं मशीन बदलायला सांगितलं. ते याआधीच तीनदा बदललं होतं. शेजारच्या दोघींनी ऐकली आणि ताईंकडे न बघता आपापले डबे उघडले.

दुपारी साहेब म्हणाले, असले जबाब टिकायचे नाहीत, धाकटीला परत टायपिंगला पाठवावं लागेल. ताईंनी च्‌ च्‌ केलं, पण जिवाला कसं गार वाटलं.

तेवढ्यात धाकटी समोर येऊन बसली. रडून तिचे डोळे सुजले होते.

“ताई, तो आवाज तुमचा आहे. सगळ्यांनी ओळखलाय,” ती म्हणाली. “आत्ता मशीन बंद आहे, तुम्ही तोंडही उघडलेलं नाही. तरी तो येतोच आहे.”