हातभर जास्त

प्राणिसंग्रहालयातील शिक्षणभवनाच्या विस्ताराला आरंभ झाला, आणि वृद्ध वाघाकडे कधी ढुंकूनही न पाहणारे संचालक नित्य सकाळी पिंजऱ्यापाशी येऊन मृदू स्वरात विचारू लागले, "काका, आजोबा जेवले का?" त्या वाघाच्या सेवेत केस पिकलेल्या रखवालदाराच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यातच एके दिवशी भवनाचे काम करणारा सुतार वाघाचे माप विचारायला आला.

"नवं घर बांधताय की काय त्याला?"

"घरच म्हणा," सुताराने नजर चुकवली. "काचेचं."

"मग हातभर जास्त धरा. उठला की आळस देतो तो."

भवन सजले, तेव्हा रखवालदार स्वतः पाहायला गेला. मुलांच्या दालनात मधोमध काचेची लांबलचक पेटी रिकामी उभी होती. सुतार तिची काच पुसत होता. रखवालदाराने ती चारही बाजूंनी न्याहाळली.

"अहो, वारा यायला फट कुठाय हिला?"

"पेंढा भरलेल्या वाघाला वारा कशाला लागतो, काका?"

इतक्यात मागून तोच मृदू स्वर आला, "काका, आजोबा जेवले का?"

त्या सकाळी वाघाने प्रथमच मांसाला तोंड लावले नव्हते.

"चाटूनपुसून, साहेब," रखवालदार म्हणाला.