चौथा कोपरा

"मामा, गाडीवाल्याला थांबायला सांग," नात म्हणाली. "आम्ही आजीला खुर्चीत बसवून दाखवतो. बसली, तर ती कुठेही जाणार नाही."

मामा दारात उभा होता. हातात आजीची भरलेली बॅग. खाली वृद्धाश्रमाची गाडी लागली होती.

"तुझ्या आईचा, ताईचा, एक हात गळ्यात बांधलेला. परवा आजी तिच्या हातून निसटली ते विसरलीस?"

"परवा काखेत हात घालून उचललं, ते चुकलं," ताई म्हणाली. "आज चादरीनं."

"माझी पोरगी हट्टी आहे," आजी पलंगावरून म्हणाली. पोरगी सदुसष्ट वर्षांची होती.

आजीनं जन्मभर लाँड्री चालवली. ओल्या चादरीचे कोपरे दोघींनी समोरासमोर धरायचे, आणि आजीच्या तालावर हात चालायचे: ताण गं, झटक गं, मिळव गं कोपरा. घरातली पोरं त्या तालावरच वाढली.

चादर आजीच्या खाली सरकवली. नातीनं डोक्याकडचे दोन्ही कोपरे मनगटांना गुंडाळले. ताईनं पायाकडचा एक, धड हातानं.

"ताण गं," आजी म्हणाली.

आजी वीतभर उचलली गेली. मग मोकळ्या बाजूनं घसरून परत गादीवर आली.

"झालं?" मामाचा आवाज उतरला होता. "मला काय हौस आहे का, ताई? तुझा दुसराही खांदा जाईल."

"गेला तर गेला. पुन्हा धर गं."

नातीनं पुन्हा कोपरे गुंडाळले. मनगटांवर लाल वळ उठले होते.

आजीनं मान वळवून पायाकडे पाहिलं. मग दाराकडे.

"अरे, तो कोपरा जमिनीवर लोळतोय," ती म्हणाली. "धुतलेली चादर आहे."

मामा जागचा हलला नाही. चादरीकडे पाहत राहिला. मग त्यानं बॅग खाली ठेवली, वाकला, कोपरा उचलून झटकला आणि मुठीला दोन वेढे दिले. ते कसे द्यायचे, हे हाताला आठवत होतं.

"हं," आजी म्हणाली. "ताण गं, ताण गं, ताण रे."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. चारही कोपरे वर गेले.