हातवारे

ठाकुर्लीच्या मूकबधिर मुलींच्या वसतिगृहात एरवी हातवारे केले की बोटांवर पट्टी बसायची. गॅदरिंगला मात्र बाईंनीच सगुणाला स्टेजवर ढकललं, "सांग तुझी गोष्ट!"

तिने जीव ओतला. हातांनीच कोपरची खाडी भरून आणली, बापाची होडी वल्हवली, आईच्या पाटीतली कोलंबी निवडली. शेवटी दोन तळव्यांचं छप्पर केलं आणि पाहुण्यांपुढे हात जोडले.

"काय म्हणते हो पोर?" पाहुण्यांनी विचारलं.

बाईंना छप्पर तेवढं कळलं होतं. त्या माइकवर म्हणाल्या, "म्हणते, ही संस्थाच माझं घर!"

सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. एवढे हात एकदम हलताना बघून सगुणाला वाटलं, सगळ्यांना पटलं. ती धावत आत गेली आणि आपली पत्र्याची ट्रंक भरायला बसली.