भगवानरावांची हाक

"अजून दोन सत्कार बाकी हायेत," माईकवाला म्हणाला, आणि उंद्रीच्या शाळेच्या मैदानावर बसलेलं अख्खं गाव खुर्च्यांत चुळबुळलं.

गोकुळने पुन्हा घड्याळ बघितलं. त्याने स्वतः काढलेला पहिला पिच्चर. पडदा ताणलेला, मंडपवाल्याचं जनरेटर धडधडतंय, आणि नागपूरहून आलेल्या अनुपमा मॅडम पहिल्या रांगेच्या कडेला. पिच्चर महोत्सवात घ्यायचा की नाही, हे त्या आज ठरवणार होत्या. "मी फक्त पहिला सीन बघते," त्यांनी चहा पितानाच सांगितलं होतं. "तोही पडद्याकडे नाही, लोकांकडे बघून. लोक चुळबुळले की मी उठले."

लोक तर आधीपासूनच चुळबुळत होते. परवापासून लाईन नव्हती. गहू ओंबीवर आलेला, विहिरीत पाणी, आणि मोटर मुकी. बुडं खुर्चीत होती, कान विजेच्या डीपीकडे.

डीपीला लागून भगवानरावांचं घर. लाईन आली की ते ओट्यावर येऊन हाक मारायचे आणि गाव शेतात मोटरचा स्टार्टर दाबायला पळायचं. मोबाईल सगळ्यांकडे होते, पण भरवसा हाकेवर. आज तेच भगवानराव पहिल्या रांगेत होते. अंगावर सत्काराची शाल, मांडीवर नारळ.

"तुमी इथं येऊन बसले," शालूबाई मागून म्हणाल्या, "मंग लाईन आली तं सांगन कोन?"

"आज मी कामात हाय. पिच्चरात काम हाय मायं."

"कायचं?"

"गोकुळनं शपथ घातली. सांगता येत नाही."

"सांगन्यासारखं असतं तं शपथ मोडून सांगतलं असतं तुमी," शालूबाई म्हणाल्या.

सत्कार संपले. मंडपातले दिवे मालवले. गोकुळने या सीनवर चार महिने घालवले होते. आधी नुसता काळोख, काळोखात आवाज, मग माणूस आपोआप पुढे सरकून बसतो, असा त्याचा हिशेब.

पडदा काळा. रातकिडे. लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं. फुटाण्याची पुडी चाळवणारा हात थांबला. एका बाईने रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवला. मॅडमच्या भुवया वर गेल्या.

आणि मग काळोखातून, दोन्ही स्पीकरमधून, गावाच्या ओळखीचा आवाज आला.

"लाईन आली रेऽऽ! लाईन आलीऽऽ!"

मग खुर्च्या कोसळल्या. सरपंच फेटा धरून पळाले, शालूबाई पदर खोचून, माईकवाला माईक घेऊनच. कुणाचा तरी पाय जनरेटरच्या वायरीत अडकला आणि उरलेला पिच्चर जागच्या जागी बंद पडला. मैदानावर धूळ राहिली, गोकुळ राहिला आणि मॅडम.

"पहिल्या सीनला उठून जाणारे लोक मी पाहिलेत," मॅडम अंधारात म्हणाल्या. "गाव रिकामं झालेलं आजच पाहिलं."

"मॅडम, त्यायले खरं वाटलं."

"अंधारात 'साप, साप' ओरडलं तरी लोक पळतात, गोकुळ. त्याला सीन म्हणत नाहीत. हे खोटं आहे, असं पक्कं माहीत असलेला माणूस जागचा हलला असता, तर मी मानलं असतं. आहे असा कुणी?"

"एकच हाय. ज्याचा आवाज हाय तो. भगवानकाका. रेकॉर्डिंगच्या दिवशी दिवसभर माया म्होरं ओरडून ओरडून घसा बसला होता त्याइचा," गोकुळ बोलून गेला, आणि त्याने जीभ चावली. जगात एक माणूस हलणार नव्हता, तर तो हाच.

मॅडमनी मोबाईलचा उजेड पहिल्या रांगेवर टाकला. भगवानरावांची खुर्ची उताणी पडली होती. शेजारी नारळ.

"सगळ्यांनी ढकललं असेल बिचाऱ्यांना," मॅडम म्हणाल्या. "पाणी प्यायला गेले असतील." त्यांनी पर्स उचलली आणि त्या गाडीकडे चालू लागल्या. गोकुळ मागे-मागे.

शेताकडच्या वाटेने कुणीतरी धापा टाकत येत होतं. एकाच पायात चप्पल, पायजमा गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेला, शाल खांद्यावरून लोंबतेय. मॅडमचा हात गाडीच्या दारावर होता, तो तिथंच थांबला.

भगवानराव त्यांच्याकडे न बघता सरळ गोकुळपाशी आले. तोंड रागाने लाल.

"लाईन तं आलीच नाही बे. हाक कोन्या गधड्यानं मारली?"